नियम पाळणाऱ्याचा नियम

माझ्या सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळासोबत जे मानपत्र मिळाले, ते प्रतापनगरच्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर नेमके कूलरसमोर लागले आहे. नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत हा कूलर रात्रंदिवस चालतो, आणि त्याच्या ओल्या वाऱ्याने काचेआडचा कागद हळूहळू फुगत गेला आहे. डाव्या कोपऱ्यातली शाई पसरून मान्यवरांच्या सह्या ओळखू येईनाशा झाल्या आहेत. मधोमध ठळक अक्षरांत छापलेला ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द मात्र अजून शाबूत आहे. गेली दोन वर्षे मी इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचे नीतिविषयक लेखन वाचतो आहे, आणि त्या वाचनाचा पहिला परिणाम असा झाला की, या शब्दाकडे पाहताना मला अवघडल्यासारखे होऊ लागले.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी एका सरकारी कार्यालयात देयके तपासली. कांट हातात आला तो एका मित्रामुळे, जे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि सकाळी अंबाझरीच्या तलावाकडे माझ्यासोबत फिरायला येतात. मी त्यांना सर म्हणतो. कांटचे १७८५ साली प्रसिद्ध झालेले नीतिमीमांसेच्या पायाविषयीचे छोटेसे पुस्तक त्यांनी मला इंग्रजी भाषांतरातून वाचायला दिले आणि म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर पावती खरी की खोटी ते तपासलं. हा माणूस विचारतो, पावती लावली कशासाठी?” पुस्तक लहान असले तरी सोपे नाही. काही पानांवर मी आठवडाभर अडकलो. परंतु त्यात एक दुकानदार आहे, आणि त्या दुकानदाराने मला पुस्तकात ओढून घेतले.

कांटचा दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाकडून जास्त दाम घेत नाही. त्याचा भाव सगळ्यांना सारखा असतो, त्यामुळे लहान मूलसुद्धा त्याच्याकडून इतरांइतक्याच खात्रीने माल घेऊ शकते. लोकांना तेथे सचोटीची वागणूक मिळते. तरीही, कांट म्हणतो, एवढ्यावरून हा माणूस कर्तव्य म्हणून सचोटीने वागला असे मानता येत नाही, कारण त्याच्या धंद्याचा फायदाही सचोटीतच होता. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे. ते कर्तव्यापोटी घडले की नाही, हा प्रश्न वेगळा.

हे वाचताना मला नागपूरच्या महाल भागातले आमच्या लहानपणीचे किराणा दुकान आठवले. आई मला गूळ आणायला पाठवायची. शेठजी ढेपेचा तुकडा सुरीने तोडून पारड्यात टाकत; पारडे जास्त झुकले तर थोडा चुरा उचलून ताटलीत ठेवत, काटा स्थिर होऊ देत, आणि मग पुडी बांधताना तोच चुरा पुन्हा पुडीत लोटून देत. हे करताना ते माझ्याकडे बघतही नसत. वजनाचा हिशेब आधी चोख करायचा आणि वरचे नंतर द्यायचे, ही त्यांची पद्धत होती. वडील म्हणत, शेठ सज्जन आहे. शेजारचे काका म्हणत, शेठ हुशार आहे. पोराच्या हाती कमी माल गेला तर चार घरे तुटतात हे तो जाणतो. सहा दशकांनंतर मला कळले की, या दोघांतला वाद कोनिग्सबर्गच्या एका प्राध्यापकाने, म्हणजे कांटने, आधीच मांडून ठेवला होता, आणि वर हेही सांगून ठेवले होते की तो बाहेरून पाहून सुटणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. दुसऱ्याच्या मनातला हेतू आपल्याला दिसत नाही, हे कोणीही मान्य करील. कांट मात्र म्हणतो की स्वतःच्या मनातलासुद्धा खात्रीने दिसत नाही. आपण कितीही कसून आत्मपरीक्षण केले तरी केवळ कर्तव्यापोटी घडलेले एकही कृत्य निर्विवादपणे दाखवता येणार नाही, कारण जरा खरवडले की खाली आपले लाडके ‘मी’ सापडतेच. लेखापरीक्षणाच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य चांगलेच झोंबते. मी माझ्या संपूर्ण सेवेत कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही, ही गोष्ट निरोप समारंभात तीन वक्त्यांनी सांगितली. ती खरी आहे. पण शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी सापळ्यात पकडला गेला त्या दिवसापासून, म्हणजे माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षापासून, अनोळखी माणसाने पाकीट काढले तरी माझ्या हाताला घाम सुटत असे, हेही खरे आहे. आता या प्रामाणिकपणात भीती किती आणि कर्तव्य किती, याची विभागणी मला करता येत नाही. सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तुम्हालाच काय, कांटलाही स्वतःची करता येत नव्हती.”

हा माणूस कोण होता, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्या कडक शिस्तीच्या दंतकथांमुळे तो एखाद्या घड्याळासारखा वाटू लागतो. कांटचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी पूर्व प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे झाला. ते शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. वडील घोड्यांच्या साजाचे पट्टे बनवणारे कारागीर होते. एकदा हे कारागीर आणि खोगीर बनवणारे यांच्यात कोणी काय बनवायचे यावरून भांडण पेटले आणि त्यात कांटच्या वडिलांचे बरेच नुकसान झाले. तरीही घरात त्या विरोधकांबद्दल ते आदरानेच बोलत, आणि लहानपणी पाहिलेली ही गोष्ट कांट म्हातारपणीही सांगत असे. मोठेपणी विद्येचा थोडा ताठा त्याला चढला होता. अडाणी जनसमूहाविषयी आपल्याला तुच्छता वाटत असे, जिनिव्हाचा विचारवंत रूसो याने आपल्याला ताळ्यावर आणले, अशी स्पष्ट कबुली त्याने स्वतःच्या टिपणांत लिहून ठेवली आहे. रूसोचे शिक्षणविषयक पुस्तक १७६२ साली आले तेव्हा ते वाचण्याच्या नादात कांटचा ठरलेला फेरफटका चुकला, असे सांगतात; त्याच्या घरात भिंतीवर चित्र होते ते एकट्या रूसोचेच. स्वतः घालून घेतलेल्या नियमाचे पालन म्हणजे स्वातंत्र्य, हा रूसोचा विचार राज्यव्यवस्थेबद्दल होता. कांटने तो उचलून माणसाच्या मनात नेऊन ठेवला.

ह्यूमचाही उल्लेख केला पाहिजे, पण तो थोडक्यातच करतो. बुद्धी ही वासनांची दासी आहे आणि तिने तसेच असावे, असे या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७३९-४० च्या ग्रंथात म्हटले होते. बुद्धी रस्ता दाखवील, जायचे कुठे ते इच्छाच ठरवणार. या मताला खोडणे फार कठीण आहे, आणि आमच्या कार्यालयातील अनुभव तर सगळा ह्यूमच्या बाजूचा होता. कांटचा संपूर्ण खटाटोप हे दाखवण्यासाठी आहे की बुद्धी स्वतः आज्ञा देऊ शकते. तहान लागली तर पाणी पी, परीक्षेत पास व्हायचे तर अभ्यास कर, या ‘जर-तर’च्या आज्ञा झाल्या, ‘जर’ गळून पडला की ‘तर’ही गळून पडते. नीतीची आज्ञा अशा कोणत्याही अटीवर लटकलेली नसते, म्हणून तिला मराठीत ‘निरुपाधिक आदेश’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे. पण ‘जर’ नसलेली आज्ञा, एवढाच त्याचा अर्थ.

ही आज्ञा काय सांगते? चोरी करू नको, खोटे बोलू नको, अशी यादी ती देत नाही. ती एक तपासणी सांगते. आपण जे काही करतो त्यामागे आपला एक नियम असतो, बहुधा न उच्चारलेला. तो नियम बाहेर काढा, स्वच्छ शब्दांत लिहा, आणि हाच नियम सगळ्यांचा व्हावा असे तुम्हाला सुसंगतपणे इच्छिता येते का, ते पाहा. कांटचे स्वतःचे उदाहरण उसनवारीचे आहे. परत करायची नाही हे पक्के ठाऊक असताना परतफेडीचे वचन देऊन पैसे घेणाऱ्याचा नियम सगळ्यांनी स्वीकारला, तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग खोट्या वचनाने पैसे मिळवण्याची युक्तीही उरणार नाही. म्हणजे ती युक्ती इतरांच्या खरेपणावर जगते. सगळ्यांसाठी एक आणि माझ्यापुरते दुसरे, अशी सूट मी गुपचूप स्वतःला देत असतो.

हा मनातला नियम शोधण्याचा सराव मी सरांच्या सांगण्यावरून सुरू केला, तेव्हा मला एक जुने देयक आठवले, आणि त्यानंतर ते डोक्यातून गेलेले नाही.

सेवेत असताना वारलेल्या एका शिपायाच्या उपचारखर्चाचे ते देयक होते. ते त्याच्या कार्यालयामार्फत आले होते, पण पाठपुराव्यासाठी त्याची पत्नी स्वतः काटोलहून एसटीने येत असे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात कागद. पहिल्या वेळी मी देयक परत केले, कारण डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर सही होती आणि शिक्का नव्हता. शिक्का मारून देयक आले तेव्हा पुन्हा परत केले, कारण औषधांच्या दोन पावत्यांवर प्रतिस्वाक्षरी नव्हती. तिसऱ्या वेळी आढळले की एका कागदावर मृताचे पूर्ण नाव आहे आणि दुसऱ्यावर आद्याक्षरे. म्हणून तिसऱ्यांदा परत. तिन्ही आक्षेप नियमाला धरून होते. तिन्ही वेळा ‘त्रुटींची पूर्तता करून पुनर्सादर करावे’ असा शेरा मी स्वच्छ अक्षरांत लिहिला. आणि तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी त्या देयकात होत्या.

त्या बाई तिसऱ्या वेळी काउंटरच्या जाळीशी उभ्या राहून म्हणाल्या, “साहेब, एकाच दमात सांगून द्या ना काय काय पाह्यजे ते. दर खेपेला नवीनच निघून राह्यलं.” आवाज चढलेला नव्हता. मी त्यांना उत्तर दिले की तपासणी क्रमाने होत असते. हे उत्तर देताना आपण काही चुकीचे बोलत आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही.

आता तो मनातला नियम. दर महिनाअखेरीस प्रलंबित देयकांचा गोषवारा वर पाठवावा लागे. आक्षेप घेऊन परत केलेले देयक त्या गोषवाऱ्यातून वजा होते. तपासणीसाठी टेबलावर राहिलेले देयक प्रलंबित म्हणून मोजले जाते. त्यामुळे पहिली त्रुटी सापडली की तेथेच थांबायचे, शेरा मारायचा आणि पुढचे देयक उचलायचे, ही आम्हा सगळ्यांची रीत होती. मी ती स्वच्छ शब्दांत लिहिली तेव्हा ती अशी दिसली: ज्या पहिल्या त्रुटीवर देयक परत करता येईल, तेथे तपासणी थांबवावी, म्हणजे माझा गोषवारा चांगला दिसतो. हे वाक्य मी वहीत लिहून सरांना दाखवले. त्यांनी ते वाचले आणि काही न बोलता वही परत दिली.

या वाक्याला कांटची तपासणी लावून पाहिली. प्रत्येक टेबलावर हाच नियम चालला, तर कोणतेही देयक एका खेपेत मंजूर होणार नाही. देयक पाठवणाऱ्यांनाही ते ठाऊक होईल, आणि तसेही परत येणारच आहे म्हणून तेही कागद अर्धवट जोडून पाठवू लागतील. देयक बरोबर होऊन पैसे योग्य माणसाला मिळावेत म्हणून आक्षेपाची सोय आहे. ती सोय देयक ढकलण्याचे साधन बनेल. आणि गोषवाऱ्यातला शून्य आकडा वाचून ‘येथे कामे झाली’ असे कोणीही समजणार नाही. म्हणजे माझ्या चांगल्या गोषवाऱ्याला जी किंमत होती, ती इतर कोणीतरी खरोखर देयके निकाली काढत असेल या समजुतीवर उभी होती. खोट्या वचनाचे उदाहरण मी पुस्तकात तीनदा वाचले होते, पण वचन न देतासुद्धा ते करता येते, हे मला स्वतःच्या हस्ताक्षरात पाहावे लागले.

कांटने हीच आज्ञा आणखी एका रूपात मांडली आहे आणि मला ती अधिक जवळची वाटते: स्वतःच्या ठायी असो वा दुसऱ्याच्या, माणुसकीला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका, ती नेहमी साध्यही असू द्या. येथे ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण रोज एकमेकांना साधन म्हणून वापरतोच. एसटीचा चालक मला काटोलला नेतो, मी त्याला भाडे देतो, यात काही वावगे नाही. ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, आणि ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते, असा भेद कांट करतो. त्या बाईंच्या जागी माझ्या गोषवाऱ्यात काय होते? ‘प्रलंबित: एक कमी.’

कर्तव्य या शब्दापाशी मराठी माणसाची आणखी एक गोची होते. आपल्या बोलण्यात कर्तव्य बहुतेक वेळा बाहेरून नेमून दिलेले असते. मुलाचे कर्तव्य, सुनेचे कर्तव्य, पदाचे कर्तव्य. ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेले. मुलीचे लग्न करून देण्यालाही आपण ‘यंदा कर्तव्य आहे’ असेच म्हणतो, आणि पत्रिका पाहू लागतो. त्यामुळे कांट कर्तव्याबद्दल बोलतो हे ऐकताच आपल्याला वाटते की हा आपलाच माणूस आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रकाशित झालेल्या गीतारहस्यात कांटचा आधार घेतला आहे, आणि तो योग्य ठिकाणी घेतला आहे: कर्माचे नैतिक मोल त्याच्या बाह्य फळावरून नव्हे, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते, या मुद्द्यावर. तेथपर्यंत दोघे खरोखरच एका वाटेने चालतात. परंतु गीतेतला स्वधर्म मला माझ्या स्थानामुळे प्राप्त होतो, आणि कांटचे कर्तव्य मला कोणत्याही स्थानामुळे प्राप्त होत नाही. शिपाई, प्राध्यापक, राजा, कोणीही असो, बुद्धी असलेल्या प्रत्येकाला तो कायदा स्वतःच स्वतःला द्यावा लागतो. साम्य मोठे आहे म्हणून हा फरक झाकला जाऊ नये, असे मला वाटते. टिळकांच्या व्यासंगाबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, गीतारहस्य वाचून कांट समजला असे मानणाऱ्या माझ्यासारख्यांचा घोटाळा येथेच होतो.

हा भेद मला सगळ्यात नेमका जेथे सापडला, ते लेखन कांटचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि प्रत्यक्षात न झालेले भाषण स्वतः छापले. त्यात नियम आणि तत्त्व यांतील फरक त्यांनी सांगितला आहे. नियम काय करायचे ते नेमून देतो आणि माणूस सवयीने ते करत जातो. तत्त्व हे पारख करण्याचे साधन असते. तत्त्व चुकीचे असू शकेल, पण त्यानुसार केलेले कृत्य जाणीवपूर्वक आणि जबाबदारीचे असते. नियम बरोबर असू शकेल, पण त्यानुसार केलेले कृत्य यांत्रिक असते. ही मांडणी त्यांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्युई यांच्या विचाराच्या जवळची आहे आणि ड्युई कांटचे अनुयायी नव्हते, त्यामुळे ओढूनताणून नाते जोडण्याचे कारण नाही. तरीही माझ्या तिन्ही आक्षेपांचे वर्णन याहून अचूक कोणी केलेले मला माहीत नाही. नियम बरोबर, कृत्य यांत्रिक.

दीक्षाभूमीला मी लहानपणापासून जातो. पूर्वी तो केवळ एक परिपाठ होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. त्या प्रतिज्ञा मराठीत स्तंभावर कोरलेल्या आहेत. गेल्या वर्षी मी त्या पहिल्यांदाच व्याकरणाकडे लक्ष देऊन वाचल्या. तेथे ‘तू असे करावेस’ अशी आज्ञा नाही; ‘मी मानणार नाही’, ‘मी करीन’, अशी प्रथमपुरुषी वाक्ये आहेत. ज्यांना पिढ्यानपिढ्या कर्तव्य म्हणजे इतरांनी नेमून दिलेले काम एवढेच सांगितले गेले, त्यांनी एका मैदानात उभे राहून स्वतःला नियम दिला. बाबासाहेबांच्या विचारात या घटनेचे मूळ बुद्धात आहे, कोनिग्सबर्गमध्ये नाही, हे मला माहीत आहे. पण ‘स्वायत्तता’ हा कोरडा शब्द मला पुस्तकापेक्षा त्या स्तंभापाशी जास्त समजला.

एका बाबतीत मात्र मी कांटच्या मागे जाऊ शकत नाही. १७९७ साली, फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट याला उत्तर देताना, कांटने असे प्रतिपादन केले की, खुनी माणूस दाराशी येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असेल, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. हा लेख मी सरांच्या घरी वाचला आणि मला महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक आठवला, जो सत्यव्रताच्या अभिमानाने लुटारूंना पळालेल्या माणसांची वाट दाखवतो आणि नरकात जातो. कृष्णाने ही गोष्ट अर्जुनाला सांगितली आहे. सरांनी कांटची बाजू लढवली: एकदा अपवाद मान्य केला की तो कोण ठरवणार, आणि अपवाद करणारा प्रत्येक जण स्वतःला कृष्णच समजतो. युक्तिवादात जोर आहे. पण जो विचार माणसाला साध्य मानायला शिकवतो, तोच दाराआड लपलेल्या माणसाला विसरत असेल, तर तो विचारच एका जागी स्वतःचा नियम यांत्रिकपणे लावतो आहे, असे मला म्हणावे लागते. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

याहून भयंकर गैरवापर पुढे झाला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांत धाडणाऱ्या आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर १९६१ साली जेरुसलेममध्ये खटला चालला, तेव्हा आपण कांटच्या कर्तव्यविचारानुसार जगलो असा दावा त्याने केला. त्याने केले होते ते एवढेच की ‘स्वतःला दिलेला कायदा’ याच्या जागी ‘वरून आलेला हुकूम’ हे शब्द बसवले. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर मूळ आदेशात खाडाखोड केली. मी माझ्या देयकाची तुलना त्याच्याशी करत नाही, तसे करणे अश्लाघ्य होईल. पण ‘कर्तव्य’ म्हणजे ‘हुकूम’, हा घोटाळा फक्त मराठी भाषेपुरता नाही, एवढे त्यावरून दिसते.

हुकमाबद्दल कांट स्वतः काय म्हणतो, हे त्याच्या १७८४ सालच्या प्रबोधनाविषयीच्या निबंधात आहे. दुसऱ्याच्या मार्गदर्शनाविना स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य कर, हे त्याचे घोषवाक्य बहुतेकांना माहीत असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. बुद्धीचा वापर त्याने दोन प्रकारचा मानला: पदावर असताना करायचा तो खासगी, आणि अभ्यासू नागरिक म्हणून वाचकांपुढे करायचा तो सार्वजनिक. पहिल्यावर बंधने चालतील, दुसऱ्यावर मुळीच नकोत. अधिकाऱ्याने हुकूम पाळावा, पण त्या हुकमातील दोषांवर जाहीर लिहिण्याची त्याला मोकळीक असावी. ही विभागणी वाचून मला हसू आले, कारण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला मला मनाई होती. कांटने जे बंधन चालेल म्हटले ते माझ्यावर होतेच, आणि जे नको म्हटले तेही होते. अर्थात, मला मोकळीक असती तरी ‘त्रुटी एकाच वेळी काढाव्यात’ असे मी कुठे लिहिले असते, असेही नाही. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. टेबलावरचे देयक शेवटच्या पानापर्यंत उलटायचे होते, इतकेच.

कांटवरही अशी वेळ आली. धर्मविषयक लेखनामुळे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम नाराज झाला, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षांच्या कांटला ताकीद देणारे पत्र आले. कांटने लेखी हमी दिली की, ‘महाराजांचा अत्यंत एकनिष्ठ प्रजाजन’ या नात्याने आपण धर्मावर जाहीरपणे काहीही बोलणार वा लिहिणार नाही. १७९७ साली तो राजा वारला. पुढच्याच वर्षी कांटने नवे पुस्तक काढून प्रस्तावनेत हा सगळा पत्रव्यवहार छापला आणि खुलासा केला की ‘महाराजांचा प्रजाजन’ हे शब्द आपण मुद्दाम योजले होते. बंधन त्या महाराजांच्या हयातीपुरतेच होते.

हा मजकूर वाचून मी सरांना फोन केला. खुन्याशीही खोटे बोलू नये म्हणणाऱ्या माणसाने राजाला दिलेल्या हमीत अशी फट ठेवावी, हे मला पटत नव्हते. “खोटं कुठे बोलला?” सर म्हणाले. “शब्दाला धरूनच आहे ना सगळं?” मी म्हटले, हो, शब्दाला धरूनच आहे, असा मसुदा आमच्याकडचा कोणताही मुरलेला कारकून पाहताक्षणी ओळखेल. सर बराच वेळ हसत होते.

काटोलच्या त्या बाईंचे देयक चौथ्या खेपेला मंजूर झाले. त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा आला होता, बारा-तेरा वर्षांचा, शाळेच्या गणवेशात. त्याने जाळीतून आत पाहत विचारले की आता आणखी काही राहिले आहे का. मी नाही म्हणालो. त्याने पिशवीत पिशवी घातली, तिच्यात पोच ठेवली, आणि तरीही तो थोडा वेळ तेथेच उभा राहिला.